ओठांचा व्यायाम

लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं की नवराबायको एकमेकांच्या ओठांचा मुका घेतात, तर मी म्हटलं असतं, ते सिनेमातले लोक. आमच्या खालापूरकडच्या गावात मुका हा शब्द लहान बाळांपुरता होता, आणि तिथंही बायका पापाच म्हणायच्या. मोठ्या माणसांच्या बाबतीत कुणी तो शब्द काढला की सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसायच्या. चुंबन मी पुस्तकात वाचलं होतं, पण तो शब्द इतका इस्त्रीचा वाटायचा की त्यात दोन जिवंत माणसं असतील असं मनात आलं नाही.

लग्न होऊन मी भिवपुरीला आले. माझे यजमान वीजकेंद्रात कामाला होते. डोंगराच्या पायथ्याशी कामगारांच्या क्वार्टर्स होत्या, त्यात आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सासूबाई, आतल्या खोलीत आम्ही आणि स्वयंपाक. ते पाळीवर जायचे. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी रात्री. त्यामुळे आमच्या घरात दिवसाला ठरलेला आकार नव्हता, जेवणं वेळीअवेळी व्हायची.

पहिले काही महिने ते फार जपून वागत. मग एकदा दुपारपाळीला निघताना डबा घ्यायला आत आले, दार थोडं पुढं ओढलं आणि माझ्या ओठांवर ओठ टेकवले. मी घाबरून मागं झाले, तर पाठीमागच्या मांडणीवरचं पातेलं खाली पडलं. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "काय गं पडलं?"

"मांजर," असं यजमानांनीच सांगितलं, आणि डबा घेऊन निघून गेले.

ते गेल्यावर मी कितीतरी वेळ तशीच उभी होते. मला आवडलं की नाही हे मला कळत नव्हतं. एवढंच कळलं होतं की हा माणूस आता मला ओळखीचा वाटतोय. लग्नाला इतके महिने झाले होते, एका ताटात नसलं तरी एका घरात जेवत होतो, पण तोपर्यंत ते मला परकेच वाटायचे.

मग ती सवयच झाली. निघताना दाराआड. सासूबाई त्या वेळी मुद्दाम मोठ्यानं खोकायच्या किंवा अंगणात जायच्या. त्यांना सगळं ठाऊक होतं असं मला आता वाटतं.

एकदा ते म्हणाले, "एक सांगू? रागवायचं नाही."

"काय?"

"तुझ्या तोंडाला मशेरीचा वास येतो."

मला फार लागलं ते. माझी आई मशेरी लावायची, आत्या लावायची, मीही शाळा सुटल्यापासून लावत होते. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांना लावल्याशिवाय आमच्याकडच्या बायकांची सकाळ होत नसे. पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, म्हणून मी पुष्कळ कारणं सांगितली.  निघताना ते आत आले, डबा घेतला आणि नुसते गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी मशेरीची डबी चुलीत टाकली आणि तो आठवडाभर सगळ्यांवर चिडचिड करत राहिले. पुढे आईला तोंडाचं दुखणं झालं तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही लावता का? मी नाही म्हटलं. का सोडली, हे सांगायला मात्र लाज वाटली.

दाराआडच्या त्या सवयीचा उपयोग काय होता, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. आमचं भांडण एका पाळीपेक्षा जास्त टिकायचं नाही. भांडून दोघं गप्प बसलो तरी निघायची वेळ यायची, ते दाराशी रेंगाळायचे, आणि मला उठून जावंच लागायचं. रागात असलेल्या माणसाचा मुका घेता येत नाही. आधी राग थोडा खाली ठेवावा लागतो. शिवाय त्यांचं काय चाललंय ते मला तेव्हाच कळायचं. कामावर काही बिनसलं असलं की ओठ कोरडे आणि घट्ट असायचे. तोंडानं ते कधी सांगायचे नाहीत. मग मी विचारायचे, आणि ते म्हणायचे, तुला कसं कळलं?

मुलगी झाली, ती मोठी होऊ लागली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग गेल्या. आम्ही क्वार्टर सोडून पळसदरीच्या बाजूला, त्यांच्या गावी घर बांधलं. तिथून ते मोटरसायकलनं कामाला जायचे. घरात आता तीन खोल्या होत्या, दारं होती, कड्या होत्या, आणि त्याच घरात आमची सवय गेली. कधी गेली तेही सांगता येत नाही. भांडण झालं नव्हतं. मुलीचा अभ्यास चालू असायचा, ती कधीही आत यायची. आपण आता आईबाप झालो, असं दोघांनाही वाटलं असेल. एक दिवस राहिलं, मग एक आठवडा, मग दोघांनाही पुन्हा सुरू करायचा संकोच वाटायला लागला. नव्यानं करायला लाज वाटली नव्हती तेवढी जुनं पुन्हा करायला वाटली.

ती वर्षं वाईट होती असं नाही. पगार वेळेवर व्हायचा, भात चांगला यायचा, मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. आम्ही एकमेकांशी बोलायचो ते गॅस, लाईटबिल, भाताची कापणी, मुलीचा फोन याबद्दल. रात्री ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे, मी दाराकडे. मला कधी कधी भर दुपारी, घरात दोघं असताना, एकदम एकटं वाटायचं. मग मी उठून काहीतरी धुवायला काढायचे. शेजारणींना काय सांगणार? नवरा दारू पीत नाही, हात उचलत नाही, वेळेवर घरी येतो. यावर तक्रार करणारी बाई मी पाहिली नव्हती.

ते निवृत्त झाल्यानंतरच्या थंडीत माझं तोंड वाकडं झालं.

सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळालं. मला वाटलं, झोपेत आहे. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा गळालं. आरशात बघितलं तर डावी बाजू ओघळलेली, डोळा उघडाच. मी हाक मारायला गेले तर शब्द तिरपे बाहेर आले. ते धावत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. रिक्षा करून आम्ही कर्जतला गेलो. वाटेत त्यांनी माझा हात धरला होता, पण माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते.

डॉक्टरांनी भुवया वर करायला लावल्या, हातपाय उचलायला लावले, आणि म्हणाले, "घाबरू नका. हा मेंदूचा झटका नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या देतो. बरं होतं हे, पण वेळ लागेल. आणि व्यायाम करावे लागतील."

बरं होतं, एवढं ऐकून मी घरी आले, आणि घरी आल्यावर कळलं की बरं होईपर्यंत जगायचं कसं ते कुणी सांगितलं नाही. चहा प्यायला गेले की ओघळायचा. भात गालात अडकून राहायचा, बोटानं काढावा लागायचा. मी स्वयंपाकघरात त्यांच्याकडे पाठ करून जेवायला लागले. बाहेर पडले तर पदर गालावर ओढून. गावातल्या बायका बघायला यायच्या, वारं लागलं म्हणायच्या, आणि जाताना दाराबाहेर एकमेकींशी कुजबुजायच्या. खालापूरला माझ्या भावाच्या मुलाचं लग्न होतं, मी गेले नाही. वालाच्या शेंगा भरल्या, शेंगा मडक्यात भाजायला शेतात पोपटी लावली, सगळं गाव मडक्याभोवती बसून शेंगा खात होतं. ते म्हणाले, "चल की थोडा वेळ." मी नको म्हटलं. मग तेही गेले नाहीत. वाटीत घालून कुणीतरी आणून दिल्या, त्या तशाच गार झाल्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी व्यायाम शिकायला एका मुलीकडे पाठवलं. फिजिओथेरपिस्ट होती ती, आमच्या मुलीपेक्षाही लहान. मला आरशासमोर बसवलं. ते शेजारी स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"काकू, गाल फुगवा. छान. आता शिट्टी वाजवा."

हवा डावीकडून फुस्स करून गेली.

"होईल. आता असं करा, आपण पप्पी देतो ना, तसे ओठ पुढे करा."

मी खाली बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

"काकू, करा ना. हा सगळ्यात चांगला व्यायाम आहे. ओठांच्या सगळ्या स्नायूंना काम मिळतं. दिवसातून जमेल तेवढ्या वेळा करायचा. काका, तुम्ही समोर बसून करून घ्या यांच्याकडून. एकट्यानं कंटाळा येतो."

"बरं," ते कॅलेंडरकडे बघतच म्हणाले.

घरी आल्यावर मी आरशासमोर बसले. उजवे ओठ पुढं यायचे, डावे लटकलेले. इतका भेसूर चेहरा दिसायचा की मला रडू यायचं, आणि रडताना तर तो आणखी वाकडा व्हायचा. मी आरसा पालथा घातला. ते दारात उभे होते. आत आले, आरशाच्या जागी माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मी करतो, माझ्याकडे बघून कर."

त्यांनी गाल फुगवले. मी फुगवले. त्यांनी शिट्टीसारखं तोंड केलं. मीही केलं. मग ते थांबले. पुढचा व्यायाम कोणता, ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्यांनी ओठ पुढं केले. इतक्या वर्षांनी मी ते ओठ समोरून बघत होते. वरच्या ओठावर मिशी पांढरी झाली होती, कोपऱ्यात सुरकुत्या आल्या होत्या. मी प्रयत्न केला. जमलं नाही.

"बघू नका हो," मी म्हटलं. "अर्धंच तोंड आहे."

"अर्धं तर अर्धं," ते म्हणाले, आणि पुढं वाकून त्यांनी माझा मुका घेतला.

मला उजवीकडे सगळं नीट जाणवलं, डावीकडे नुसतं बधिर. जणू अर्धी मी इथं होते आणि अर्धी कुठंतरी दूर. पण त्यांनी डावीकडेही ओठ टेकवले, तिथंही तेवढाच वेळ. मग म्हणाले, "त्या मुलीनं सांगितलंय जमेल तेवढ्या वेळा." आणि आम्ही दोघं हसलो. वाकड्या तोंडानं हसायची लाज त्या दिवसापासून गेली.

मुक्यानं माझं तोंड बरं झालं असं मी म्हणणार नाही. गोळ्या होत्या, व्यायाम होते, आणि डॉक्टर म्हणाले होते की बहुतेकांचं होतंच. फाल्गुनात मला पेल्यानं पाणी पिता यायला लागलं. डावा कोपरा थोडासा सैल राहिला, तो आजही आहे. पण त्या दिवसांत मी त्यांच्यासमोर बसून जेवायला लागले. त्यांनी मला सांगितलं की निवृत्त झाल्यापासून त्यांना सकाळी उठावंसंच वाटत नव्हतं, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटायचं. हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं, आणि मी ओळखलंही नव्हतं. ओळखायची माझी जी एक वाट होती ती आम्हीच बंद करून टाकली होती.

त्यानंतर आम्हाला काही वर्षं मिळाली. बाजाराला निघताना, शेतावर निघताना, कधी नुसतं अंगणात निघतानाही. मुलगी जावयासह आली की आम्ही पुन्हा दाराआड जायचो, आणि हसायचो.

ते गेले ते दुपारी. जेवले, वाल सोलून ठेवले, आडवे झाले. मी चहा घेऊन गेले तर उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं, काही कळलं नसेल. त्या दिवशी सकाळी आमचा मुका झाला होता की नाही, मला आठवत नाही. किती आठवायचा प्रयत्न केला. ते शेतावर जाऊन आले होते, म्हणजे झाला असणार. पण आठवत नाही. रोजची गोष्ट होती ना.

पुण्याहून मुलगी येईपर्यंत थांबलो. अंगणात अख्खं गाव जमलं होतं. त्यांच्या तोंडात पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं. माझ्या बोटाला ओठ लागले, गार होते. उचलायची वेळ झाली तेव्हा मला शेवटचं बघायला पुढं आणलं. सगळ्यांना वाटलं मी पायांवर डोकं ठेवीन. मीही त्यासाठीच वाकले होते. पण मी त्यांच्या तोंडाशी गेले आणि ओठांचा मुका घेतला.

रडणं एकदम थांबलं. माझ्या जाऊबाईंनी मागून दंड धरला. "अगं, काय करतेस? लोकं बघतायत."

"निघालेत ते," मी म्हटलं.

मुलीनं मला धरून मागं नेलं.  तेरावं होईपर्यंत आणि नंतरही त्याबद्दल गावात बोलणं झालं असणार. पाणवठ्यावर मी गेले की बायका विषय बदलायच्या. जाऊबाई दोन महिने आल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला दुसऱ्याच गोष्टींचं वाटायचं. चार चार दिवस जायचे आणि माझ्या अंगाला कुणाचा हात लागलेला नसायचा. रिक्षात शेजारी बसलेल्या बाईचा खांदा लागला तरी मला ते जाणवायचं. मुलगी फोनवर सगळं विचारायची, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. फोन ठेवताना नात स्क्रीनला ओठ लावायची, मीही लावायचे. काच गुळगुळीत, किंचित गरम असायची.

मग एकदा आमच्या बचत गटाची बैठक होती. पळसदरीच्या धरणावर सुट्टीच्या दिवशी मुंबईची जोडपी येतात, भिंतीवर बसून मुके घेतात, त्यावरून बायका तापल्या होत्या. लाज नाय, पोरंबाळं बघतात, पाटी लावा, पोलिसांना सांगा, असं चाललं होतं. माझ्याकडे चोरून बघत होत्या.  बैठक संपल्यावर मी निघाले तर आमच्या आळीतली म्हातारी माझ्याबरोबर चालायला लागली. ती माझ्याहून पुष्कळ मोठी, तिचा नवरा अजून जिवंत, दोघं आमच्या घरामागं राहतात. थोडं अंतर गेल्यावर तिनं इकडंतिकडं बघितलं.

"एक इचारू काय गं बाय?"

"विचारा की."

"तू त्या दिवशी घेतलास, तसा... तुमी रोज घ्यायचात?"

"बराचसा रोज," मी म्हटलं.

 मग म्हणाली, "माजा कुणी कदी घेतला नाय गं. पोरांचे मी घेतले, नातवंडांचे घेतले. पोरं झाली, समदं झालं, पन माजा मुका कुणी घेतला नाय. आमी गावठी मानसं, आमाला कुटं ठावं." तिनं डोळे पुसले नाहीत, तिला रडू आलंच नव्हतं. भात किती पिकला ते सांगावं तसं तिनं सांगितलं होतं.

"अजून आहेत की तुमचे यजमान," मी म्हटलं.

"आता? दात नाय, काय नाय. चल, कायतरीच." ती हसली आणि घराकडे वळली.

पुढच्या आठवड्यात दुपारी ती माझ्याकडे आली. अळूची पानं घेऊन आली होती. ओट्यावर बसली, पाणी प्याली, आणि म्हणाली, "घेतला गं."

"काय?"

"तोंडाचा नाय. कपालाचा. म्हातारा आडवा पडला व्हता, मी वाकले आन् घेतला. तर घाबरून उटून बसला. म्हनतो, ताप हाय काय गं मला?"

"मग?"

"मी म्हटलं, हाय जरासा." ती हसायला लागली, हसताना तिचं सगळं अंग हलत होतं. "तर काल संध्याकाली आपनच कपाल पुडं केलं. म्हनतो, बग गं, ताप उतरला काय."

मीही हसले. आम्ही दोघी ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग मागच्या बाजूनं तिच्या म्हाताऱ्याची हाक आली, ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि लगबगीनं गेली.

ती घराच्या कोपऱ्याआड होईपर्यंत मी बघत राहिले. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. मग मी अळूची पानं उचलली आणि आत जाऊन चिरायला घेतली. एकटीसाठी खूपच होती ती, तरी सगळी चिरली.